इन्स्टंट फोटो सारखे फिके नि गुलाबट येतायत? आधी फिल्म कुठं ठेवता ते बघा

गुढीपाडवा झाला की माझा हा प्रॉब्लेम सुरू व्हायचा, सलग तीन वर्षं. फेब्रुवारीपर्यंत फोटो कसे एकदम स्वच्छ, काळे केस काळे, पांढरा सदरा पांढरा, पैठणीचा काठ तर अगदी हात लावून बघावा असा. आणि एप्रिल लागला की तोच कॅमेरा, तीच फिल्म, काढणारी पण मीच, तरी फोटोवर कुणीतरी गुलाबट पाण्याचा हात फिरवल्यासारखं. केस तपकिरी, सावल्या फिक्या, पांढरी भिंत पिवळसर. बरं सगळेच फोटो असे आले असते तर कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकला असता, पण तसं पण नाही, एका पॅकमधले दहाच्या दहा बिघडायचे आणि पुढच्या पॅकमधले बऱ्यापैकी ठीक, त्यामुळं डोकं आणखीनच फिरायचं. जूनमध्ये पाऊस लागला की आपोआप सगळं बरं, मग मी पण विसरून जायची, आणि पुढच्या पाडव्याला परत पहिल्यापासून.

आता कारण सापडलंय, पक्कं सापडलंय, दोन उन्हाळे त्यावर घालवलेत, म्हणून सविस्तर लिहितेय. घाईत असाल तर एवढंच घ्या की फिल्मचा खोका दुकानातून घरी, घरातून हॉलवर, हॉलवरून परत घरी या सगळ्या फिरण्यात किती तापला ते आधी तपासा, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, कुणाची साठी, असल्या घरगुती कार्यक्रमांना गेस्टबुक करून देते, म्हणजे आलेल्या पाहुण्यांचा तिथल्या तिथं इन्स्टंट फोटो काढायचा, वहीत चिकटवायचा आणि शेजारी त्यांनी दोन ओळी लिहायच्या. कॅमेरा फुजीफिल्म कंपनीचा इन्स्टॅक्स मिनी ९. फोटो म्हणजे अख्खा कागद एटीएम कार्डाएवढा आणि त्यातलं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, बास. पण एवढ्याशा कागदासाठी माणसं रांग लावतात, आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये हजार हजार फोटो पडून आहेत तीच माणसं हा एक फोटो हातात घेऊन पाच पाच मिनिटं बघत बसतात. मला तर अजून पण प्रत्येक वेळी तो कोरा कागद हळूहळू भरायला लागला की छातीत धडधडतं, सहा वर्षं झाली तरी.

कागलला मे महिन्यात एक साखरपुडा होता, भर दुपारचा. चार पॅक नेले होते, चाळीस फोटो, आणि त्या दिवशी चारही पॅक गेले. सगळे गुलाबट. लोकांनी तिथं कौतुकच केलं, जुना लुक आलाय म्हणाले, पण दोन दिवसांनी नवऱ्यामुलीचा फोन आला, ताई आमच्या आज्जीच्या फोटोची दुसरी कॉपी मिळंल का, जरा चांगली, तिचा चेहराच नीट दिसंना झालाय. काय सांगणार मी? याला निगेटिव्ह नसते, माझ्या कॅमेऱ्यात कार्ड नाही, जो कागद बाहेर आला तोच एक, जगात दुसरा नाही. तिला सांगितलं की नाही मिळणार, आणि त्या रात्री ठरवलं की याच्या मुळाशी गेल्याशिवाय उन्हाळ्यात एक पण ऑर्डर घ्यायची नाही.

आता मी आधी काय काय चुकीचं करत बसले ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला संशय सेलवर. नवीन अल्कलाइन सेल घातले, फरक शून्य. सेल चांगलेच हवेत हे बरोबर आहे, स्वस्तातले साधे सेल घातले की रोलर अडखळत फिरतात आणि आतली पेस्ट सारखी पसरत नाही, पण त्यानं पट्टे नाहीतर कोरे कोपरे दिसतात, अख्ख्या फोटोचा रंग नाही बदलत. मग डायल. मिनी ९ ला वर घर, ढग, सूर्य अशी चित्रं असलेली डायल आहे, दिवा जिथं लागेल तिथं आपण हातानं फिरवायची. मी मुद्दाम एक घर पुढं मागं करून बघितलं, फोटो काळपट झाला, उजळ झाला, गुलाबट तो गुलाबटच. मग दुकान बदललं. आधीच्या दुकानदारावर मी मनातल्या मनात जुना माल विकतो म्हणून आरोप करून मोकळी झाले होते आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण खोक्यावर मुदतीची तारीख छापलेली असते आणि ती नीट बघितली तर वर्षभर पुढची होती.

मार्ग दाखवला तो आमच्या गल्लीतल्या काकांनी. त्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, ब्लॅक अँड व्हाइटचं सगळं काम स्वतःच्या डार्करूममध्ये हातानं, आता सगळं बंद करून निवांत असतात. मी कागलचे चार फोटो पुढं ठेवले. बराच वेळ बघितले त्यांनी, खिडकीपाशी नेऊन बघितले, आणि पहिलाच प्रश्न, “किती डिग्रीला डेव्हलप केलंस गं?”

म्हटलं, “काका, मी कुठं करते, ते आपोआप होतंय की.”

“आपोआप होतंय म्हणजे कोण करत न्हाई असं व्हय? केमिकल हाय त्यात. केमिकलला डिग्री कळती.”

मग सांगत बसले, त्यांच्या डार्करूममध्ये डेव्हलपर २० डिग्रीला लागायचा, आणि एप्रिल मे मध्ये नळाचंच पाणी एवढं कोमट यायचं की ते मोठ्या परातीत बर्फ टाकून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचे, हातात थर्मामीटर, दोन डिग्री इकडं तिकडं झालं की वेळ बदलायची. असं करून काढलेले फोटो आज पण भिंतीवर आहेत त्यांच्या, काळा म्हणजे काळा. आणि बोलता बोलता बाबूराव पेंटरांवर आले, ते येतातच दर वेळी, की याच गावात बाबूरावांनी शंभर वर्षांपूर्वी मूव्ही कॅमेरा स्वतः बनवला, सुटे भाग घडवण्यापासून, त्या माणसाला प्रत्येक स्क्रू काय करतो ते माहीत होतं, आणि तुझ्या हातात सगळं तयार येतंय म्हणून तुला आत काय चाललंय ते माहीतच नाही. लागलं मला ते, पण खरं होतं.

तर आत काय चालतं ते मी नंतर वाचून काढलं, सोप्या भाषेत सांगते. त्या कागदात एकावर एक बरेच थर असतात, निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे वेगवेगळे, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याचा रंग. किनारीत एका बारक्या पुडीत अल्कलीची पेस्ट भरलेली असते. बटण दाबलं की कागद दोन रोलरमधून बाहेर येतो, रोलर ती पुडी फोडतात आणि पेस्ट थरांच्या मधे सारखी पसरवतात, म्हणजे फोटो बाहेर येताना जो घरघर आवाज येतो ना तीच तुमची डार्करूम. मग थरातून रंग सुटून वर येतात, आणि काही वेळानं आतलाच एक आम्लाचा थर त्या अल्कलीला शांत करतो आणि काम थांबतं. इन्स्टॅक्सला यात साधारण ९० सेकंद लागतात.

हे सगळं विरजणासारखं आहे बघा. दूध तेच, विरजण तेच, भांडं तेच, पण मे महिन्यात चार तासात दही आंबट ढॅण आणि डिसेंबरात सकाळपर्यंत नीट लागत नाही. फिल्मचे थर एका ठरावीक हवेत एकमेकांच्या बरोबरीनं चालतील असे बसवलेले असतात, हवा तापली की सगळ्यांचा वेग बदलतो आणि तो सगळ्यांचा सारखा बदलत नाही, एक रंग पुढं पळतो, दुसरा मागं राहतो, तोच तुम्हाला फोटोवर रंगाची झाक म्हणून दिसतो. कंपनीनं इन्स्टॅक्स वापरायला ५ ते ४० डिग्री सांगितलंय. मी हे वाचलं तेव्हा म्हटलं मग आपलं काय बिघडलंय, कोल्हापुरात ४० क्वचितच जातं, आपल्याला कुठं विदर्भासारखं ऊन. पण तो आकडा फिल्मच्या आसपासचा धरायचा, पेपरात छापून येतो तो नाही.

आणि माझी फिल्म कुठं असायची? दुचाकीच्या डिकीत. सीटखाली. घरातून निघताना पॅक डिकीत टाकायचे, वाटेत फुलं घ्या, केक घ्या, हॉलबाहेर गाडी उन्हात, एकेक पॅक संपेल तसा जाऊन आणायचा, उरलेले परत डिकीत आणि कित्येकदा रात्रभर पण तिथंच, दुसऱ्या दिवशी पण तिथंच. हॉलवर सुरुवातीला पर्समध्ये घेतलेला पॅक चांगला यायचा आणि नंतर डिकीतून आणलेला बिघडायचा, म्हणजे एक पॅक खराब एक बरा हे जे कोडं होतं ते इथं सुटलं. डिजिटल थर्मामीटर आणला, खोलीचं तापमान दाखवतात तसला छोटा, आणि एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता डिकीत ठेवून तासाभरानं बघितला तर ४८. वर सीट उन्हात तापलेली, खाली इंजिन.

नुसता संशय नको म्हणून नीट टेस्ट केली. एकाच लॉटचे दोन पॅक घेतले, खोक्यावरचा नंबर जुळवून. एक आठवडाभर डिकीत फिरवला, दुसरा फ्रिजमध्ये. अर्धा पॅक झाल्यावर कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून बदलता येत नाही, वरच्या फिल्मवर उजेड पडून वाया जाते, म्हणून मावसबहिणीचा तसलाच कॅमेरा मागून आणला. गच्चीवर सावलीत सकाळी आठ वाजता एकाच खुर्चीवर पांढरी ओढणी, काळी छत्री आणि लाल मिरच्या भरलेलं पाखडायचं सूप ठेवलं, दोन्ही कॅमेऱ्यांनी एकापाठोपाठ. फ्रिजवाल्यात ओढणी पांढरी, छत्री काळी, मिरच्या लालभडक. डिकीवाल्यात छत्री चॉकलेटी आणि ओढणीवर तोच ओळखीचा गुलाबटपणा. सकाळी आठला, गार हवेत! म्हणजे नुकसान फोटो काढताना नाही, आधीच झालेलं होतं. मग पुढच्या दोन पॅकला कॅमेरे अदलाबदली करून परत तेच केलं, कॅमेऱ्याचा दोष असेल तर कळावं म्हणून, आणि दोष पॅकबरोबरच गेला, कॅमेऱ्याबरोबर नाही. त्यात जे पैसे गेले त्यांचं दुःख नाही, एक फोटो पन्नास रुपयांच्या वर पडतो मला, पण त्या दिवशी गच्चीवर मला जे समाधान झालं ते सांगता येत नाही.

आता मी काय करते. घरी सगळे पॅक फ्रिजमध्ये, सील न फोडता, हवाबंद डब्यात घालून भाजीच्या कप्प्याच्या वर. जास्त दिवस ठेवायचे असतील तर १५ डिग्रीच्या खाली ठेवा असं कंपनी पण सांगते. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आत ओली पेस्ट आहे, ती गोठवायची वस्तू नाही. कार्यक्रम सकाळचा असेल तर आदल्या रात्री बाहेर काढून ठेवते, संध्याकाळचा असेल तर सकाळी. फ्रिजमधून काढला की लगेच सील फोडायचं नाही हे पक्कं लक्षात ठेवा, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात. गार बाटली टेबलावर ठेवली की बाहेरून पाणी सुटतं ना, तेच सील फोडलेल्या गार फिल्मवर सुटतं, दोन तास तरी तसाच राहू दे, खोका हाताला गार लागायचा थांबला की मगच उघडा.

नेताना जुनी डब्याची पिशवी वापरते, आत चंदेरी अस्तर असलेली. त्यात गार पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून एका बाजूला, पॅक दुसऱ्या बाजूला, एकमेकांना चिकटून नाही, आणि तो छोटा थर्मामीटर आत. कागल, हातकणंगले, जयसिंगपूर, कुठं पण गेलं तरी पिशवी २५ च्या आसपास राहते. डिकीत काही नाही, पिशवी पायाशी. चारचाकीतून जात असाल तर डॅशबोर्ड आणि मागची काच या दोन जागा विसरून जा, काच लावलेल्या गाडीत डिकीपेक्षा वाईट होतं. कॅमेऱ्यात फिल्म घातलेली असेल तर कॅमेरा पण फिल्मच समजायचा, टेबलावर उन्हाच्या कवडशात ठेवायचा नाही, मी त्याच्यावर पांढरा रुमाल टाकून ठेवते. आणि घातलेला पॅक संपवून टाका, अर्धा पॅक घालून कॅमेरा चार महिने कपाटात पडलाय असं करू नका, आत जी हवा जाईल ती फिल्मला लागतेच.

फोटो बाहेर आल्यावर पण तेच. उन्हाळ्यात खिशात घालायचा नाही, अंगाची ऊब ३७ डिग्रीची असते. थंडीत उलट, तेव्हा खिसा बरा. स्टेजवरच्या हॅलोजनखाली धरून उभं राहायचं नाही, सावलीत टेबलावर पालथा ठेवायचा आणि दीड मिनिट थांबायचं. आणि कृपा करून हलवू नका! प्रत्येक कार्यक्रमात एक तरी मावशी फोटो हातात आला की पंख्यासारखा हलवायला लागते, मी म्हणते मावशी द्या इकडं, तुमचा जपून ठेवते. ती सवय फार जुन्या इन्स्टंट फोटोंची, ज्यांचा वरचा कागद सोलून काढायचा आणि फोटो ओला असायचा, तो वाळवायला लोक हलवायचे. आताच्या फोटोत ओलं सगळं आत बंद असतं, हलवून लवकर येत नाही, उलट वाकला तर आतले थर सुटतात आणि डाग पडतो. आणि न आलेला फोटो कधी कापू नका, आतली पेस्ट अंगावर लागली तर भाजल्यासारखं होतं, लागलीच तर भरपूर पाण्यानं धुवा, लहान मुलांच्या हाताला येऊ देऊ नका.

पोलरॉइड वापरणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. माझ्या मैत्रिणीकडं आहे, आम्ही डिसेंबरात पहाटे पन्हाळ्याला घेऊन गेलो होतो, तीन दरवाजाजवळ काढलेले फोटो निळसर आणि मरगळलेले आले, आणि तीच फिल्म मे मध्ये रंकाळ्यावर दुपारी वापरली तर पिवळट लाल. ती पण फिल्म खराब म्हणून वैतागली होती. पण त्या फिल्मला कंपनीनं १३ ते २८ डिग्रीच सांगितलंय, खाली गेलं की निळं, वर गेलं की पिवळं नाहीतर गुलाबी, हे ते स्वतःच सांगतात. म्हणजे कोल्हापुरात मार्च ते मे दुपारी ती फिल्म जवळजवळ रोजच तिच्या हद्दीबाहेर असते. एक तर सकाळी काढा नाहीतर काढल्याबरोबर गार पिशवीत ठेवा. तिला रंग यायला दहा पंधरा मिनिटं लागतात, आणि बाहेर आल्या आल्या उजेडापासून झाकायला लागते, इन्स्टॅक्सला तेवढं लागत नाही.

मग लोक म्हणतात आमच्या काकांकडं ऐंशी सालातले पोलरॉइड आहेत ते कसे मस्त आलेत. अहो ती फिल्म वेगळी होती. पोलरॉइड कंपनीनं २००८ मध्ये फिल्म बनवणं बंदच केलं. नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावातला शेवटचा कारखाना काही वेड्या माणसांनी वाचवला, पण मशीन हातात आली तरी जुनी केमिकल मिळेनात, बनवणारेच राहिले नव्हते, म्हणून त्यांना जवळजवळ सगळी रेसिपी नव्यानं बसवायला लागली आणि २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली. आज जी मिळते ती त्या रेसिपीची सुधारत आलेली आवृत्ती. मला तर ती तशी लहरी असून पण आवडते, तिचे मऊ रंग इन्स्टॅक्सला येत नाहीत. पण गेस्टबुकला नाही परवडत, आठच फोटो पॅकमध्ये आणि पंधरा मिनिटं पाहुणे थांबत नाहीत.

आता उन्हाचा संबंध नसलेले प्रॉब्लेम, कारण सगळंच डिकीवर ढकलून चालत नाही. प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका येतोय म्हणजे रोलरवर पेस्ट वाळून बसलीय. पॅक संपल्यावर दार उघडून कापसाची काडी किंचित ओली करून हळूच पुसा आणि पूर्ण वाळू द्या, नखानं खरवडायचं नाही.

चेहरे छान आणि मागचा हॉल काळाकुट्ट, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्यात फिल्मची काहीच चूक नाही. मिनी ९ मध्ये शटर १/६० सेकंदाला पक्कं आहे, भिंगाचं छिद्र जास्तीत जास्त एफ १२.७ एवढंच उघडतं म्हणजे उजेड थोडाच आत येतो, आणि फ्लॅश पोचतो २.७ मीटरपर्यंत, म्हणजे नऊ फूट धरा. फिल्म ८०० आयएसओची, म्हणजे कमी उजेड पण टिपणारी असली तरी मंगल कार्यालयातला उजेड डोळ्याला वाटतो तेवढा नसतो, नऊ फुटांच्या पलीकडं कॅमेऱ्याच्या दृष्टीनं रात्रच. पाहुण्यांना मागची भिंत किंवा फुलांचा पडदा अगदी पाठीशी घेऊन उभं करा, दोन तीन फुटांवर, आणि तुम्ही पाच सहा फुटांवर. फार जवळ पण नको, ६० सेंटिमीटरच्या आत तोंड पांढरं फटक आणि अस्पष्ट दोन्ही होतं. बघायचं छिद्र भिंगाच्या बाजूला असतं त्यामुळं जवळून काढताना माणूस एका कडेला सरकतो, ते पण ध्यानात ठेवा. मिनी ११ आणि त्यानंतरचे कॅमेरे उजेडाचं स्वतः ठरवतात, त्यांच्यात हा त्रास कमी आहे पण फ्लॅशचं अंतर त्यांना पण लागू.

संध्याकाळी रंकाळ्यावर सूर्य पाठीमागं घेऊन काढलेल्या फोटोत माणसं सावलीसारखी येतात, तिथं माणसाला फिरवून उभं करणं हाच उपाय, सूर्यास्त हवा असेल तर माणूस पाच फुटांत हवा म्हणजे फ्लॅश पोचेल. ट्यूबलाइटखाली हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली पिवळं येणार, फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली आहे, फ्लॅशच्या टप्प्यात माणूस असेल तर हे बरंच कमी होतं.

अर्धा फोटो पांढरा किंवा कडेनं पांढरट धुरकट आला तर कुणीतरी दार उघडलं होतं. आमच्याकडं भाच्यानं उघडलं होतं, उरलेले फोटो दाखवणारा आकडा परत एस वर गेला होता त्यावरून कळलं. पॅक घालताना पिवळी खूण पिवळ्या खुणेला लावा आणि पॅकच्या मागच्या दोन चौकोनी भोकांत बोट घालू नका.

आणि एक, परदेशातून कुणी फिल्म आणत असेल तर विमानात टाकायच्या मोठ्या बॅगेत ठेवू नका म्हणून सांगा, तिथली मशीन जोरदार असतात आणि न वापरलेल्या फिल्मवर धूसरपणा येतो. हातातल्या बॅगेत, आणि जमलं तर हातानं तपासायची विनंती करायची.

मला विचारतात की एवढं सगळं जपायचं तर मोबाइलचा फोटो काढून छोट्या प्रिंटरवर का नाही छापत, खर्च कमी, बिघडायची भीती नाही. छापून बघितलंय मी. फोटो चांगलाच येतो. पण त्याच्यासमोर माणसं थांबत नाहीत. पोलरॉइड कंपनी काढणाऱ्या एडविन लँडच्या तीन वर्षांच्या मुलीनं १९४३ मध्ये सुट्टीवर असताना बापाला विचारलं होतं की आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का बघता येत नाही, त्या एका प्रश्नावर तो बसला आणि १९४७ मध्ये त्यानं तसा कॅमेरा लोकांसमोर दाखवला. आता फोटो आत्ताच बघायला मिळणं यात नवल काहीच राहिलेलं नाही, पोरंसोरं पण बघतात. तरी कागदावर स्वतःचा चेहरा उगवताना बघायला सगळं घर टेबलाभोवती डोकी जोडून उभं राहतं, दीड मिनिट, कुणी फोन बघत नाही. बारशाला एकदा पणजोबा होते, नव्वदीच्या पुढचे, त्यांनी विचारलं, “बाई, हे आतून येतंय का वरून?” मी म्हटलं, “आतून येतंय आजोबा.” पूर्ण रंग येईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. तो फोटो गुलाबट येऊन चालला नसता. नशिबानं तेव्हा नोव्हेंबर होता.

एक शेवटचं काम आणि ते सगळ्यात उपयोगी पडलं, म्हणजे वही. प्रत्येक कार्यक्रमाला घरातून निघताना पिशवीतलं तापमान, हॉलवरचं तापमान, पॅकचा नंबर, डायल कुठं होती, आणि किती फोटो चांगले आले, एवढं लिहायचं. दोन मिनिटं लागतात. फोटोच्या पांढऱ्या किनारीवर बारीक मार्करनं पॅकचा आकडा पण टाकते, म्हणजे पुढं काही बिघडलं तर कुठला पॅक कुठं कुठं फिरला ते वहीत सापडतं. ज्यांना अजून कारण कळत नाही त्यांनी पंधरा दिवस तरी वही ठेवा आणि मग कॅमेऱ्याकडं वळा.

कागलच्या त्या मुलीला मी नंतर फोन केला, तिची आज्जी बरी आहे म्हणाली, तर म्हटलं मी येते, पैसे नकोत. गेल्या रविवारी जाऊन आले. वहीत लिहिलंय: निघताना २१, कागलला पोचल्यावर २४, बाहेर ३७, सोप्यात सावलीत, आज्जी खुर्चीवर, मागं भिंत दोन फुटांवर. तीन काढले, तिन्ही चांगले, एक आज्जीनं स्वतःच्या बटव्यात ठेवून घेतला.